श्रवणविषाक्तता, प्रतिजैव पदार्थांची

सूक्ष्मजंतूंचा नाश करण्यासाठी दिलेल्या काही प्रतिजैव पदार्थांमुळे अंतर्कर्णातील केशकोशिकांना इजा होऊन श्रवणशक्ती किंवा शरीराचा तोल सांभाळण्याची शक्ती कमी होते अथवा कायमची नष्ट होते. या विकारास प्रतिजैव पदार्थजन्य श्रवणविषाक्तता म्हणतात. स्ट्रेप्टोमायसीन, निओमायसीन, कॅनामायसीन, जेंटामायसीन, टोब्रामायसीन, ॲमिकॅसीन इ. ॲमिनोग्लायकोसाइड गटातील औषधे या विकाराची प्रमुख कारणे होत. क्विनीन व सॅलिसिलेटे यांच्या मोठ्या मात्रेने कानात आवाज येऊन ऐकू कमी येते, हे एकोणिसाव्या शतकापासूनच माहीत होते. परंतु तो परिणाम औषध थांबविल्यावर बहुधा ओसरतो. ॲमिनोग्लायकोसाइडांमुळे आलेला बहिरेपणा मात्र सामान्यतः कायमचा असतो. महाराष्ट्रात, विशेषतः परभणीसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत, या विषयाचा इतिहास क्षयरोगाच्या उपचारांच्या इतिहासाशी निगडित आहे. जीव वाचविणारे औषधच कान घेऊन जाते, हा पेच या इतिहासाच्या मुळाशी आहे. [⟶ कान, क्षयरोग, प्रतिजैव पदार्थ, बहिरेपणा].

केशकोशिका व त्यांचा नाश : अंतर्कर्णाचे दोन भाग असतात. गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा असलेला कर्णावर्त ऐकण्याचे, तर अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांना जोडलेल्या दोन पिशव्या तोल सांभाळण्याचे कार्य करतात. दोन्ही भागांतील संवेदी कोशिकांच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचे झुबके असल्याने त्यांना केशकोशिका म्हणतात. मानवाच्या प्रत्येक कर्णावर्तात आतील ओळीत सु. ३,५०० व बाहेरील तीन ओळींत सु. १२,००० केशकोशिका असतात. त्या जन्मापूर्वीच तयार होतात व पुढे आयुष्यभर त्यांत भर पडत नाही. आतील कोशिका ध्वनीचा संदेश श्रवणतंत्रिकेकडे पाठवितात, तर बाहेरील कोशिका मंद ध्वनीचे वर्धन करतात.

ध्वनिलहरींनी झुबका कलला की, त्याच्या टोकाकडील सूक्ष्म मार्ग उघडतात आणि त्यांतून धन विद्युत्‌भारित आयन कोशिकेत शिरतात. कर्णावर्तातील द्रवाचे विद्युत्‌ वर्चस् सु. +८० मिलिव्होल्ट असते, तर केशकोशिकेच्या आतील वर्चस् ऋण असते. ॲमिनोग्लायकोसाइडांचे रेणू धन भारित असल्यामुळे रक्तातून या द्रवात आलेले औषध त्याच मार्गांनी कोशिकेत ओढले जाते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील प्रयोगांनी हे स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, ज्या द्वाराने ध्वनीची संवेदना येते, त्याच द्वाराने विषही येते. आत गेलेले औषध लवकर बाहेर पडत नाही. ते कोशिकेत कित्येक आठवडे वा महिने साचून राहते. त्यामुळे शेवटचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) झाल्यानंतरही श्रवणशक्ती घटत राहू शकते.

सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमांना चिकटून त्यांची प्रथिननिर्मिती बिघडविणे, हे या औषधांचे मूळ कार्य होय. मानवी कोशिकेतील कलकणूंमध्ये जी रिबोसोमे असतात, ती सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमांशी बरीच मिळतीजुळती असतात. त्यामुळे कलकणूंनाही इजा पोहोचते. लोहाशी संयोग पावलेल्या औषधामुळे ऑक्सिजनाची अतिक्रियाशील मुक्त मूलके निर्माण होतात आणि अखेरीस केशकोशिका मृत होते. नाशाची सुरुवात कर्णावर्ताच्या तळाकडील बाहेरील कोशिकांपासून होते. हा भाग उच्च कंप्रतेच्या ध्वनींचा असल्याने रुग्णास प्रारंभी पक्ष्यांची किलबिल वा घंटीचा बारीक नाद ऐकू येईनासा होतो. पण बोलणे ऐकू येत असल्याने त्याच्या ते ध्यानात येत नाही. बोलणे ऐकू येईनासे झाल्यावर तो तक्रार करतो, तेव्हा बरीच हानी होऊन गेलेली असते.

औषधाचा शोध व पहिले इशारे : अमेरिकेतील रटगर्झ विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्स यांनी १९४३ साली मातीतील सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसीन वेगळे केले. त्यासंबंधीचा निबंध १९४४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाला. क्षयरोगाच्या जंतूंवर परिणामकारक ठरलेला हा पहिला प्रतिजैव पदार्थ होय. वाक्समन यांना १९५२ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेयो क्लिनिकमधील विल्यम फेल्डमन व कॉर्विन हिनशॉ यांनी हे औषध प्रथम गिनी-पिगांवर व नंतर क्षयरुग्णांवर वापरून पाहिले. रुग्णांना भोवळ येते व त्यांचा तोल जातो, ही गोष्ट त्यांच्या पहिल्या काही अहवालांतच नोंदली गेली होती.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७ च्या सुमारास केलेली व १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. यादृच्छिक पद्धतीने १०७ रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. स्ट्रेप्टोमायसीन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ रुग्णांपैकी १४ दगावले. रोज २ ग्रॅ. औषध चार महिने दिल्यामुळे पहिल्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांना भोवळीचा त्रास झाला. नफा व तोटा यांचे हे गणित त्या काळच्या वैद्यांना अवघड वाटले नाही. कारण दुसरा पर्याय मृत्यू हा होता.

तोलावरील दुष्परिणाम टाळण्यासाठी रासायनिक बदल करून १९४६ साली डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसीन तयार करण्यात आले. त्याने भोवळ कमी येते असे आढळल्याने ते काही वर्षे लोकप्रिय झाले. पण त्याचा आघात कर्णावर्तावर अधिक होतो व उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी गंभीर बहिरेपणा येतो, असे ध्यानात आल्यावर त्याचा वापर सोडून द्यावा लागला. केशकोशिकांचे रक्षण करण्याचा हा पहिला प्रयत्न अशा रीतीने उलटला. रेणूतील लहानसा बदल हानीचे स्थान बदलू शकतो, हा धडा मात्र त्यातून मिळाला. याच काळात या दुष्परिणामाचा औषध म्हणूनही उपयोग करण्यात आला. मेन्येर विकारात येणाऱ्या असह्य भोवळीवर एडमंड फाउलर यांनी १९४८ साली स्ट्रेप्टोमायसीनचा प्रयोग केला. हॅरल्ड शुकनेख्त यांनी १९५६-५७ च्या सुमारास ते मध्यकर्णात सोडून तोलसंवेदी कोशिका हेतुतः निकामी केल्या. या पद्धतीचा जेंटामायसीनवर आधारित प्रकार अद्यापही प्रचारात आहे.

वाक्समन व ह्यूबर्ट लशव्हाल्ये यांनी १९४९ साली शोधलेले निओमायसीन कानास इतके घातक ठरले की, ते अंतःक्षेपणाने देणे बंद करून त्वचेवर व आतड्यापुरते वापरण्यात येऊ लागले. जपानमधील हामाओ उमेझावा यांनी १९५७ साली कॅनामायसीन शोधून काढले. पुढे जेंटामायसीन (१९६३) व ॲमिकॅसीन (१९७२) ही औषधे आली. प्रत्येक औषधाचा कल वेगळा आहे. स्ट्रेप्टोमायसीन व जेंटामायसीन मुख्यतः तोलावर, तर कॅनामायसीन, ॲमिकॅसीन व निओमायसीन मुख्यतः श्रवणावर आघात करतात. कानास पूर्णपणे निर्धोक असे या गटातील एकही औषध अद्याप वैद्यकीय वापरात आलेले नाही.

भारत व महाराष्ट्र : पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लि. हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झाला. तेथे १९५५ मध्ये पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले व १९६०–७० या दशकात स्ट्रेप्टोमायसीनही तयार होऊ लागले. आयातीवर अवलंबून असलेले व महागडे औषध त्यामुळे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचणे शक्य झाले. त्याबरोबर त्याचा अनिर्बंध वापरही वाढला. पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन यांचे मिश्रण असलेल्या कुप्या बाजारात अनेक वर्षे उपलब्ध होत्या. साधा ताप, जखम, जुलाब अशा कारणांसाठीही ते टोचले जाई. अशा वेळी रुग्णाच्या मूत्रपिंडांचे कार्य, वय वा गरोदरपण यांचा विचार होतोच असे नव्हते. हे औषध मूत्रपिंडांवाटेच बाहेर टाकले जाते. मूत्रपिंडे दुर्बल असल्यास त्याचे रक्तातील प्रमाण वाढून कानास धोका वाढतो. गरोदर स्त्रीस दिलेले स्ट्रेप्टोमायसीन वारेतून गर्भापर्यंत जाते आणि मूल जन्मतः बहिरे होऊ शकते.

मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने आरोग्यधामात न राहता घरी राहूनही क्षयरोग बरा होतो, हे १९५९ मध्ये दाखवून दिले. त्याच केंद्राने पुढे आठवड्यातून दोनदाच स्ट्रेप्टोमायसीन व आयसोनायाझिड देण्याची पद्धती परिणामकारक असल्याचे सिद्ध केले. खर्च व श्रम वाचविण्यासाठी योजलेल्या या पद्धतीत अंतःक्षेपणांची संख्या कमी झाल्याने कानावरील भारही हलका झाला. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला व जिल्हा हा त्याचा घटक ठरविण्यात आला.

परभणी जिल्हा : परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सु. १८.३६ लाख असून बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. जिल्ह्यात परभणी, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा असे नऊ तालुके आहेत. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला, त्या वेळी येथील रुग्णास मोठे रुग्णालय गाठायचे तर मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाने हैदराबादला जावे लागे. पुढे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ साली, अंबाजोगाई येथे १९७४ साली व नांदेड येथे १९८८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. खुद्द परभणीस असे महाविद्यालय २०२३ साली सुरू झाले.

हा तपशील या विषयाच्या दृष्टीने गौण नाही. औषध टोचण्यास परिचारिका व सुई पुरते. परंतु कानाची हानी वेळेवर ओळखण्यास ध्वनिरोधक खोली, श्रवणमापक यंत्र व प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञ लागतात. प्रतिजैव पदार्थ खेड्यापर्यंत पोहोचले, त्या मानाने श्रवणमापन फार मागे राहिले. मुंबई येथे राष्ट्रीय श्रवणविकलांग संस्था १९८३ साली स्थापन झाली आणि तिला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. मूळचे हैदराबादचे असलेले अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात हाती घेण्यात आला.

सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९७ साली सुरू होऊन मार्च २००६ पर्यंत त्याने सर्व देश व्यापला. प्रथमच उपचार घेणाऱ्यांना या कार्यक्रमात केवळ तोंडाने घ्यावयाची औषधे मिळत. रोग उलटलेल्या, उपचार निष्फळ ठरलेल्या वा मध्येच उपचार सोडलेल्या रुग्णांना मात्र दुसऱ्या श्रेणीत घालून दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसीनची २४ अंतःक्षेपणे देत. परभणीसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात शेतमजुरी व ऊसतोडणी यांसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना सहा महिने एकाच आरोग्य केंद्रातून औषध घेणे कठीण असते. उपचारात खंड पडण्याचा व त्यामुळे कानास घातक असलेल्या श्रेणीत जाण्याचा संभव अशा कुटुंबांत अधिक असे. म्हणजेच ज्यांना कानांची तपासणी सर्वांत दुर्लभ होती, त्यांच्याच वाट्याला हे औषध येण्याचा धोका मोठा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या श्रेणीची शिफारस मागे घेतली व भारतातही ती पुढे बंद झाली.

बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोगात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. भारतात या रोगासाठीचा शासकीय उपचारक्रम २००७ साली गुजरात व महाराष्ट्र या दोन राज्यांत सुरू झाला व नंतर देशभर पसरला. त्यात कॅनामायसीन आठवड्यातून सहा दिवस, किमान सहा ते नऊ महिने टोचावे लागे. म्हणजे एका रुग्णास दीडशेहून अधिक अंतःक्षेपणे होत. अशा दीर्घ उपचाराने किती हानी होते, याची कल्पना २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासावरून येते. तपासलेल्या ६४ रुग्णांपैकी १२ जणांत (१८.७५%) उच्च कंप्रतेची श्रवणहानी आढळली आणि त्यांतील काहींत ती संभाषणाच्या कंप्रतेपर्यंत पोहोचली होती. बोलणे ऐकू न येणाऱ्या मजुरास काम मिळणे कठीण होते, मुकादमाची हाक व मागून येणारे वाहन त्याला कळत नाही. क्षयरोगातून बरा झालेला माणूस अशा प्रकारे दुसऱ्या संकटात सापडतो. भाषा शिकण्यापूर्वीच बहिरे झालेल्या अर्भकाची वाचाही खुंटते.

गडचिरोलीचा प्रयोग : याच गटातील औषधाची दुसरी बाजू महाराष्ट्राच्या पूर्व टोकास दिसून आली. गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांकरवी नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांना या सेविका जेंटामायसीन टोचीत व त्याबरोबर तोंडाने दुसरे प्रतिजैव औषध देत. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युमान तुलनेच्या गावांपेक्षा सु. ६२ टक्क्यांनी घटले व जंतुसंसर्ग झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. येथे उपचार मोजक्या दिवसांचा असतो व मात्रा वजनानुसार ठरलेली असते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या क्षयोपचाराशी तुलना करता कानावरील धोका त्यामुळे पुष्कळ कमी असतो. ॲमिनोग्लायकोसाइडे सरसकट त्याज्य नाहीत. धोका मात्रा, कालावधी व रुग्णाची प्रकृती यांवर अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

आनुवंशिक प्रवणता : काही व्यक्ती एक-दोन अंतःक्षेपणांनीच बहिऱ्या होतात व एकाच कुटुंबात असे अनेकजण आढळतात, हे चीन व जपान येथील वैद्यांच्या निदर्शनास आले होते. त्याचे कारण १९९३ साली उलगडले. कलकणूंतील डीएनएच्या १,५५५ व्या स्थानी ॲडेनिनाऐवजी ग्वानीन आल्यास कलकणूंचे रिबोसोम सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमासारखे होते व औषध त्यास घट्ट चिकटते. यूरोपीय लोकांत सु. ५०० व्यक्तींमागे एकीत हे उत्परिवर्तन आढळते. कलकणू केवळ मातेकडून मिळत असल्याने हा दोष आईकडून सर्व अपत्यांना येतो. पित्याकडून येत नाही. म्हणून अंतःक्षेपण देण्यापूर्वी रुग्णाची आई, मामा, मावशी, आजी वा भावंडे यांपैकी कोणास अशा औषधाने बहिरेपण आले होते काय, एवढी विचारपूस केली तरी मोठी हानी टळू शकते. या चौकशीस कोणतेही यंत्र लागत नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे नवजात अर्भकाच्या गालातील नमुन्यावरून हा दोष सु. २६ मिनिटांत ओळखणारे उपकरण तयार करण्यात आले व त्याच्या प्रत्यक्ष वापराचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले.

केशकोशिकांच्या रक्षणाचे संशोधन : यातील प्रयत्नांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात.

(१) विषारी मूलकांचा बंदोबस्त : मिशिगन विद्यापीठातील योखेन शाख्त व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात लोह व जेंटामायसीन यांच्या संयोगातून मुक्त मूलके निर्माण होतात हे दाखविले. सॅलिसिलेट लोहास बांधून ठेवते व प्रतिऑक्सिडीकारक म्हणूनही कार्य करते. गिनी-पिगांतील यशानंतर चीनमधील रुग्णांवर चाचणी करण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत जेंटामायसीनबरोबर निष्क्रिय गोळी घेतलेल्या १०६ रुग्णांपैकी १४ जणांत (१३%), तर ॲस्पिरीन घेतलेल्या ८९ पैकी ३ जणांत (३%) श्रवणहानी झाली. मोठ्या मात्रेत स्वतः कानास त्रास देणारे औषध लहान मात्रेत कानाचे रक्षण करते, हे येथे विशेष होय. परंतु जठरातील रक्तस्रावाचा धोका व लहान मुलांत ॲस्पिरीन वर्ज्य असणे यांमुळे हा उपाय सार्वत्रिक झाला नाही. ॲसिटिलसिस्टीन या पदार्थानेही काही छोट्या चाचण्यांत, विशेषतः रक्त-अपोहन (डायालिसिस) चालू असलेल्या रुग्णांत, लाभ दिसून आला आहे.

(२) प्रवेशमार्ग रोखणे व मृत्युक्रिया थांबविणे : झेब्रा मासा या लहान माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेत मानवी केशकोशिकांसारख्या कोशिका बाहेरच असल्याने त्यांवर हजारो रसायने झपाट्याने तपासता येतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील एडविन रूबेल व डेव्हिड रेबल यांनी या पद्धतीने शोधलेल्या संयुगापासून ‘ओआरसी-१३६६१’ हे औषध विकसित झाले. ते केशकोशिकांच्या प्रवेशमार्गात औषधाला अटकाव करते. उंदरांतील यशानंतर त्याच्या मानवी चाचण्या हाती घेण्यात आल्या. कोशिकेच्या मृत्युक्रियेतील एंझाइमे रोखणारे पदार्थही प्राण्यांत उपयुक्त ठरले आहेत. जो पदार्थ केशकोशिकेचे रक्षण करतो, तो जंतूचेही रक्षण करणार नाही व उपचार दुबळा होणार नाही, याची खात्री करावी लागते. या कसोटीमुळे बरीचशी संयुगे मागे पडली. ऑक्टोबर २०२२ पूर्वी अमेरिकेत मान्यता मिळालेले सोडियम थायोसल्फेट हे सिसप्लॅटीन या कर्करोगविरोधी औषधामुळे मुलांना होणाऱ्या श्रवणहानीवर आहे. प्रतिजैव पदार्थांवर नव्हे.

(३) औषधाच्या रेणूत बदल : जंतूंच्या रिबोसोमास चिकटणारे, पण कलकणूंच्या रिबोसोमास न चिकटणारे वा केशकोशिकेत सहज न शिरणारे रेणू तयार करण्याचे कार्य चालू आहे. पशुवैद्यकातील ॲप्रामायसीन हे औषध प्राण्यांच्या कानास बरेच कमी घातक असल्याचे २०१२ साली निदर्शनास आले व त्याचा मानवी वापराच्या दृष्टीने अभ्यास होत आहे.

(४) पुनर्निर्मिती : पक्ष्यांत नष्ट झालेल्या केशकोशिका पुन्हा उगवतात, असे १९८७-८८ मध्ये आढळून आले. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ कर्णावर्तात असे घडत नाही. ते घडवून आणण्याचे प्रयत्न अद्याप मानवात यशस्वी झालेले नाहीत.

सुईविना उपचार : प्रयोगशाळेतील हे संशोधन चालू असताना व्यवहारात सर्वांत मोठे संरक्षण औषध बदलल्याने मिळाले. तोंडाने घ्यावयाच्या बेडाक्विलीन या औषधास अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ते २०१६ साली निवडक केंद्रांतून मर्यादित स्वरूपात देण्यास प्रारंभ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८-१९ मध्ये बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोगासाठी कॅनामायसीनची शिफारस मागे घेतली व तोंडाने घ्यावयाच्या औषधांना प्राधान्य दिले. भारतानेही टप्प्याटप्प्याने तोच मार्ग स्वीकारला. बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासीन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारक्रमास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. या औषधांचेही दुष्परिणाम आहेत, उदा., लिनेझोलिडाने तंत्रिकांना व रक्तकोशिकांना इजा होऊ शकते. तथापि केशकोशिकांचा नाश त्यांत नाही.

या बदलात रुग्णांचाही वाटा आहे. क्षयरोगाच्या उपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले यांच्यासह २०१९ साली बेडाक्विलिनावरील एकस्वाची (पेटंटची) मुदत वाढवून देणाऱ्या अर्जास भारतीय एकस्व कार्यालयात हरकत घेतली. फुमेझा टिसिले यांनीही याच उपचारात श्रवणशक्ती गमावली होती. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीचा हा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळण्यात आला. मूळ एकस्वाची मुदत जुलै २०२३ मध्ये संपल्यावर इतर उत्पादकांना हे औषध तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला.

प्रतिबंध व पुनर्वसन : ॲमिनोग्लायकोसाइडे आजही नवजातांतील जंतुसंसर्ग, इतर औषधांना दाद न देणारे गंभीर संसर्ग व काही प्रकारचे क्षयरोग यांत आवश्यक आहेत. ती देताना पुढील दक्षता घेतात : मूत्रपिंडांच्या कार्यानुसार मात्रा ठरविणे, दिवसाची मात्रा विभागून न देता शक्यतो एकदाच देणे, फ्यूरोसेमाइडासारखी तीव्र मूत्रल औषधे बरोबर न देणे, उपचाराच्या काळात मोठ्या गोंगाटापासून दूर राहणे, कानाचा पडदा फाटलेला असल्यास या गटातील औषधांचे थेंब कानात न घालणे, गरोदरपणी ही औषधे टाळणे. दीर्घ उपचार असल्यास प्रारंभी व नंतर ठराविक काळाने उच्च कंप्रतेपर्यंत श्रवणमापन करणे इष्ट असते. डेव्हिड केंप यांनी १९७८ साली शोधलेल्या कर्णोत्सर्जित ध्वनींच्या मापनाने बाहेरील केशकोशिकांची स्थिती रुग्णाच्या उत्तरावर अवलंबून न राहता कळते. अर्भके व अत्यवस्थ रुग्ण यांत ते विशेष उपयोगी पडते. कानात गुणगुण, चालताना तोल जाणे वा अंधारात पाऊल अडखळणे ही लक्षणे दिसताच वैद्यास कळवावे, हे रुग्णास व घरच्यांस आधीच सांगणे अगत्याचे असते.

एकदा गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. सौम्य व मध्यम हानीत श्रवणयंत्राचा उपयोग होतो. पूर्ण बहिरेपणात केशकोशिका नष्ट झाल्या, तरी श्रवणतंत्रिका बहुधा शाबूत राहत असल्याने कर्णावर्त रोपणाने ध्वनिसंवेदना मिळवून देता येते. परंतु ही शस्त्रक्रिया खर्चिक असून तीनंतर दीर्घ प्रशिक्षण लागते. तोल गेलेल्या रुग्णांस दृष्टी व स्नायू यांच्या आधारे तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवितात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये श्रवणदोषाचा समावेश असल्याने प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णास शिक्षण, नोकरी व साधने यांसाठीच्या सवलतींचा लाभ घेता येतो. क्षयरोगासाठी दिलेल्या औषधाने आलेले बहिरेपणही त्यास अपवाद नाही. जिल्हा रुग्णालयातील क्षयरोग विभाग व कान-नाक-घसा विभाग यांत रुग्णांची नोंद परस्परांकडे गेल्यास हानी लवकर उघडकीस येते व पुनर्वसनही वेळेवर सुरू होते.